महापूर आणि जित्राबं : कधी हलवायची, कशात चढवायची, वैरण किती (सांगली-पलूस-वाळवा)

पाणंदकर
दरवर्षी पाणी पाणंदीत शिरल्यावर ग्रुपवर 'कुणाकडं पिकअप मोकळी आहे का' सुरू होतं. या वेळी मृगाच्या आधीच सगळं एका जागी लिहून ठेवूया. सुरुवात मी करतो, चुकलं तर दुरुस्त करा. माहितीच लिहा, आठवणींसाठी दुसरे धागे आहेत.

पहिला मुद्दा वेळेचा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. हे आकडे माणसांसाठी ठीक आहेत. जनावरांसाठी ४० म्हणजे उशीर. नदी काठ ओलांडून थेट गोठ्यात येत नाही. आधी ओढ्यातून फुग (नदीचं मागं दाटणारं पाणी) मागं चढते आणि गावातून माळाकडं जाणारी वाट तोडते. गोठा कोरडा असतो, पण त्याच्या मागचा फरशी पूल गेलेला असतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांची जनावरं अडकली, त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोठ्यात त्या सकाळपर्यंत पाणी नव्हतं.

म्हणून गोठ्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं एकच आकडा लिहा : आयर्विनला किती फूट असताना आपल्या वाटेवरचा ओढा बंद होतो. २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेली माणसं गावात आहेत, त्यांना विचारून ठरवा. त्या आकड्यातून ५ फूट वजा करा. तिथं पाणी आलं आणि कोयना-चांदोली धरणांतून विसर्ग वाढवल्याची बातमी असली, की जनावरं निघाली पाहिजेत. माणसं दुसऱ्या दिवशी निघाली तरी चालतात.

आता फेऱ्यांचा हिशोब. ८ मोठी जनावरं, एक पिकअप, माळावरची जागा ७ किलोमीटर. एका फेरीत २ जनावरं. चढवायला २० मिनिटं, जायला-यायला ४०, उतरवून बांधायला १०. म्हणजे फेरीला ७० मिनिटं आणि चार फेऱ्यांना पावणेपाच तास. तीच पिकअप शेजारच्या तीन घरांनीही सांगून ठेवलेली असेल तर दिवस संपला. अंधारात म्हैस फळीवर पाय ठेवत नाही हे वेगळं सांगायला नको.

वारणाकाठ
पिकअपमध्ये ३ बसतात की. २ च का?

पाणंदकर
बसतात, उतरताना कळतं. नियमानं मोठ्या जनावराला २ चौरस मीटर जागा लागते. पिकअपचा हौदा साडेचार चौरस मीटरच्या आसपास. मुऱ्हा म्हैस ४५० ते ६०० किलोची. तिसरी घातली की मधलीला पाय फाकवून उभं राहायला जागा उरत नाही, वळणावर ती बसते आणि बाकीच्या दोघी तिच्यावर. बसलेली म्हैस चालत्या गाडीत उठवता येत नाही. छोट्या हत्तीत (टाटा एस टेम्पो) एकच, तीही शांत असली तर. त्यापेक्षा त्यात शेळ्या आणि वासरं घाला.

माळावरचा
ऊस ओढायची ट्रॉली ५-६ चौरस मीटरची, सहाची असेल तर त्यात ३ जातात. पण बाजूच्या फळ्या खालच्या असतात, जनावर पाय टाकून बाहेर उडी घेतं. दोन्ही बाजूंना बांबू आडवे बांधून उंची साडेचार-पाच फुटांवर न्या. बांबू आतून लावायचे. बाहेरून बांधले तर जनावर रेलल्यावर दोऱ्या सुटतात, आतून लावले तर ते फळीवरच दाबले जातात.

हौद्याचा तळ पत्र्याचा, त्यावर शेण-मूत पडलं की बर्फासारखा. नुसता कडबा टाकू नका, तोही घसरतो. खाली दोन इंच वाळू किंवा मुरूम, वर चार इंच पाचट. पाचट ओलं असलं तरी चालतं.

चढवायला फळी : हौदा जमिनीपासून ३ फूट असेल तर फळी ८ फुटांची हवी. ५ फुटांची लावली तर चढ एवढा उभा होतो की म्हैस पुढचे पाय ठेवून मागं ओढते. फळीवर एक-एक फुटावर आडव्या पट्ट्या ठोका. फळी नसेल तर गाडी मागं घेऊन बांधाला किंवा शेणखताच्या ढिगाला लावा, हा सगळ्यात सोपा उपाय आणि घाईत कुणालाच आठवत नाही.

आधी गरीब, जुनी, हाकेला येणारी म्हैस चढवायची. तिच्यामागं बाकीच्या येतात. वासरू आईच्या पुढं, तिला दिसेल असं. वासरू मागं राहिलं की आई फळीवरून वळते, आणि वळलेली म्हैस फळीसकट खाली येते.

पशुवैद्य_पलूस
वाहनातल्या बांधणीबद्दल एक दुरुस्ती, कारण ही चूक नेहमी दिसते. गाडीत वेसणीला बांधू नका. ब्रेक लागला की नाकपुडी फाटते. म्होरकीला (तोंडाभोवतीच्या दोरीच्या मुसकीला) बांधा, दोरी दीड-दोन फूट, डोकं खाली-वर होईल इतकी. लांब दोरीत पाय अडकतो.

सातव्या-आठव्या महिन्यातली गाभण, नुकतीच व्यालेली आणि लंगडी जनावरं पहिल्या फेरीत, गाडीत गर्दी नसताना. शेवटच्या फेरीला नेहमीच जास्त कोंबाकोंबी होते, त्यात गाभण गेली तर गाभ टाकते.

लसीकरण पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, मेमध्ये. घटसर्प आणि फऱ्याची लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. पूर आल्यावर छावणीत टोचून त्या आठवड्यात उपयोग नाही. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीचं वेळापत्रकही चुकवू नका, छावणीत शंभर गोठ्यांची जनावरं एका कुंडावर पाणी पितात. शेळ्यांना आंत्रविषार आणि पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) यांची लस.

शेळीवाली_ताई
डॉक्टर, शेळ्यांचं थोडं मी लिहू का? शेळी पाण्यापेक्षा ओलीनं जास्त मरते. भिजून रात्रभर वाऱ्यात राहिली की तिसऱ्या दिवशी नाक वाहतं आणि छातीत बसतं. छावणीत पहिलं काम आडोसा. ताडपत्री वरून सगळेच लावतात, पश्चिमेकडच्या बाजूला उभी लावायची राहते. खाली लाकडी फळ्या किंवा केळीच्या क्रेट उलट्या टाकून जमिनीपासून अर्धा फूट उचला.

खूर चिखलात कुजतात. मोरचूद ५ टक्के, म्हणजे १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या घमेल्यात, पाय बुडवून दोन मिनिटं. पत्र्याचं घमेलं नको, मोरचूद ते खातं. आणि ते पाणी शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडी लागू देऊ नका, तांबं त्यांना विषारी. काम झालं की खड्ड्यात ओता.

पशुवैद्य_पलूस
ताईंशी पूर्ण सहमत.

वारणाकाठ
सगळे गाडीच्या मागं लागलात. ५-६ किलोमीटर माळ असेल तर चालवत न्या की. तासाला ३-४ किलोमीटर आरामात. डिझेल वाचतं, फेऱ्या वाचतात.

माळावरचा
रस्ता कोरडा असेल तोवर बरोबर, मीही तेच म्हणेन. पण फरशी पुलावर गुडघाभर वाहतं पाणी असेल तर नाही. म्हैस पोहते म्हणून लोक घालतात. डोहात पोहणं वेगळं. पुरात खाली द्राक्षबागेच्या तारा असतात, वर विजेच्या. पाय तारेत अडकला की पोहणं संपलं. काळ्या रानातून पाणंद असेल तर तीही सोडा, संकरित गाय गुडघ्यापर्यंत रुतली तर चार माणसांना निघत नाही.

हाकताना एका दाव्याला दोन जनावरं जोडू नका. एक घसरलं की दुसरं जातं.

गावभाग_सांगली
यातून शहर वगळू नका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडला पाणी सगळ्यात आधी येतं आणि तिथं अजून म्हशींचे गोठे आहेत. शहरातला प्रश्न जागेचा. माळ नाही. मिरज किंवा कुपवाडच्या बाजूला कुणाचा तरी मोकळा प्लॉट एप्रिल-मेमध्येच बोलून ठेवावा लागतो. 'वेळ आली की बघू' म्हणणाऱ्याची म्हैस शेवटी शंभर फुटी रस्त्याच्या दुभाजकाला बांधलेली असते.

आणि हे सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं होतंय हे कुणी लिहीत कसं नाही?

संपादक
अलमट्टीचा धागा वेगळा आहे, तिथं ४०० प्रतिसाद झालेत. इथं नको.

पाणंदकर
धन्यवाद संपादक.
आता जी गोष्ट दोन मिनिटांची आहे आणि जिच्यामुळं सगळ्यात जास्त जनावरं जातात ती : गाठ. पुरात जनावर बुडून मरतं त्याआधी ते दाव्याला मरतं. पावसाळ्यात खुंट्याला निरगाठ मारायचीच नाही, सुरगाठ मारायची, टोक ओढलं की सुटणारी. अंबाडीचं किंवा सुती दावं भिजलं की फुगतं, आणि ओढून आवळलेली निरगाठ दातानंही सुटत नाही. नायलॉन फुगत नाही पण जनावराच्या ओढीनं चावते. कुठलंही दावं असो, गोठ्याच्या खांबाला डोक्याइतक्या उंचीवर एक विळा टांगून ठेवा. खाली ठेवलेला विळा पाण्यात कुठं गेला ते सापडत नाही.

साखळी जून ते सप्टेंबर काढून ठेवा. साखळीला विळा चालत नाही.

नवखा_गोठा
सुरगाठ नेमकी कशी? आमच्याकडं पूर्वीपासून साखळीच आहे.

पाणंदकर
दाव्याचं टोक खुंट्याभोवती एक वेढा फिरवा. जनावराकडच्या दोरीवरून टोक आडवं न्या. आता टोक पूर्ण आत ओवायचं नाही. टोकाच्या अलीकडची दोरी दुमडून तिचा फासा वेढ्यातून आत घाला, आणि जनावराकडची बाजू ओढून आवळा. मोकळं टोक वीतभर बाहेर राहिलं पाहिजे. ते ओढलं की सगळं उलगडतं. काही म्हशी ते टोक तोंडात धरून ओढायला शिकतात. अशा म्हशीसाठी टोक फाशातून एकदाच परत काढा, तिला जमत नाही आणि तुम्हाला एक झटका जास्त लागतो. घरातल्या बायका-पोरांना ही गाठ डोळे मिटून सोडता आली पाहिजे, कारण पाणी येतं तेव्हा कर्ता माणूस पाण्याची मोटार काढायला नदीवर गेलेला असतो.

माळावरचा
मोटारीवरचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे :)

वैरणवाला
वैरणीचा हिशोब कुणीच दिला नाही. २ म्हशी आणि १ गाय, १० दिवस धरतो. १० दिवस यासाठी, की पाणी ओसरलं तरी रानातली वैरण गाळानं भरलेली असते.

फक्त कडब्यावर : दिवसाला एका जनावराला ६ किलो, एकूण १८० किलो. पेंढी सव्वा किलोची धरली तर दीडशे पेंढ्या, म्हणजे दीड शेकडा. कुट्टी करून पोत्यात भरली तर ट्रॉलीची जागा निम्मी लागते आणि नासाडीही कमी. उभा कडबा छावणीत तुडवून चिखल होतो.

मुरघासावर (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) : एका जनावराला १५ किलो मुरघास आणि २ किलो कोरडं. तिघांना १० दिवसांचा मुरघास ४५० किलो, म्हणजे ५० किलोच्या ९ बॅगा. बॅग पावसात उघड्यावर राहते, हा मोठा फायदा. पण चढवताना विळ्याचं टोक किंवा ट्रॉलीचा खिळा लागून भोक पडलं तर आत हवा जाऊन बुरशी येते, चिकटपट्टी सोबत ठेवा. उघडलेली बॅग दोन दिवसांत संपवायची. आधी कधी मुरघास खाल्लेला नसेल तर छावणीत सुरू करू नका, मेच्या शेवटापासून थोडा-थोडा द्या.

पाणी : जनावराला ५०-६० लिटर. तिघांना दिवसाला एक २०० लिटरचा बॅरल. टँकरचं पाणी आलं नाही आणि विहिरीचं वापरायचं असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, अर्ध्या तासानं पाजायचं. मोकळं सोडलं तर जनावर पुराचं गढूळ पाणी पितं, म्हणून सोडायचं नाही.

पेंड निम्मी करा. दूध कमी येईल, येऊ द्या. दूध घेणारी गाडीच पोचणार नसेल तर जास्त दूध काढून करणार काय?

पशुवैद्य_पलूस
वैरणवाले, उत्तम. दोन भर घालतो.

एक, वाडं. पुरात जी वैरण सगळ्यात आधी मिळते ती उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. आठ-दहा दिवस निव्वळ वाड्यावर राहिलेली ताजी व्यालेली म्हैस थरथरते, बसते आणि उठत नाही. निम्मं वाडं, निम्मा कडबा, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. एक किलोची पिशवी एका जनावराला वीस दिवस जाते, वजन काहीच नाही, पण यादीत कुणाच्याच नसते.

दोन, मदत. पूर आला की पाव, चपात्या, भात, पिठाची पोती येतात. माणसं जेवून उरलेलं जनावरांपुढं ओततात. आठवडाभर अर्धपोटी असलेली गाय पाच-सहा किलो भात मिटक्या मारत खाते. पिष्ट पोटात आंबतं, आम्ल तयार होतं, बारा तासांत रवंथ बंद, पोट गच्च, पातळ आंबूस वासाचं शेण. माझ्या मते छावणीत गुरं दगावायचं हे सगळ्यात फालतू कारण आहे. चपात्या द्यायच्याच असतील तर दोन-चार. खाऊन झालंच असेल तर १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा एक-दीड लिटर पाण्यात विरघळवून हळूहळू पाजा आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. पाजताना तोंड आभाळाकडं करू नका, नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर औषध फुफ्फुसात जातं आणि उपचारानंच जनावर जातं.

यंत्रधार
संकरित गाईवाल्यांसाठी. यंत्रानं धार काढायची सवय असलेली गाय छावणीत हाताला पान्हा सोडत नाही. वीज नाही, यंत्र गावात. दोन दिवसांत कास दगडासारखी. जूनपासून आठवड्यातून दोन वेळा हातानं धार काढायची सवय ठेवा. छावणीत दूध ओतून द्यावं लागलं तरी दोन्ही वेळा पूर्ण काढा. प्रत्येक धारेनंतर सड पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा आणि अर्धा तास जनावर बसू देऊ नका, धार झाल्या-झाल्या सडाचं तोंड उघडं असतं आणि खाली चिखल. पुढ्यात वैरण टाकली की ती उभी राहते.

मांजरवाली_विश्रामबाग
जित्राबात कुत्री-मांजरं येतात का? :)

गावभाग_सांगली
येतात. शहरात तीच जास्त अडकतात.

मांजर : पाऊस लागला आणि घरात आवराआवर सुरू झाली की मांजर माळ्यावर जातं. म्हणून सामान बांधायच्या आधी त्याला न्हाणीघरात बंद करा. महागडी पेटी नसेल तर बाजारातल्या भाजीच्या दोन प्लास्टिक क्रेट, एक सरळ, एक तिच्यावर उलटी, चार कोपऱ्यांना आणि मधे अशा ८ केबल टाय. आत जुना टॉवेल. टाय कापायला कात्री खिशात. उशीचा अभ्रा शेवटचा उपाय, तोही जिना उतरून गाडीपर्यंतच.

कुत्रं : बोटीत पिंजरा घेत नाहीत, जागा माणसांना. तोंडाला जाळी आणि पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस असेल तर जवान सहसा घेतात. हार्नेसला मागं मूठ असावी, पाण्यात पडलं तर त्यानंच उचलता येतं. जाळीची सवय आत्ताच लावा, दिवसाला दहा मिनिटं. निवारा शाळेत असतो, तिथं कुत्र्याला आत घेतीलच असं नाही, म्हणून नातेवाईक किंवा बोर्डिंगची सोय आधी बोलून ठेवा. रेबीजच्या लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लसही बघा, पहिल्यांदा देत असाल तर ३-४ आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे मेमध्येच सुरुवात. उंदरांच्या मुतानं पसरतो तो, आणि पूर ओसरल्यावर गल्लीत दुसरं असतं काय.

सोबत नेणं अगदीच अशक्य झालं तर वरच्या मजल्यावर मोकळं सोडा, जड बादल्यांत पाणी ठेवा, दारावर बाहेरून खडूनं नव्हे तर ऑइलपेंटनं 'आत कुत्रा' लिहा. गच्चीत बांधून जाऊ नका. ते कठड्यावरून उडी मारतं आणि साखळीला लटकतं.

कुक्कुट_विटा
कोंबड्यांचं थोडक्यात. घरच्या देशी कोंबड्या रात्री धरा, अंधारात गप्प असतात. डालग्यात ८-१०, वर जुनी साडी. कांद्याच्या जाळीच्या पोत्यात भरू नका, खालच्या गुदमरतात.

ब्रॉयलरचं शेड हलवता येत नाही. ३० दिवसांच्या पुढची बॅच असेल आणि पातळी चढत असेल तर कंपनीच्या सुपरवायझरला कळवून वजनाआधीच उचलायला लावा. भाव कमी मिळेल. तरी तोटा कमी, कारण २०२२ ते २०२६ च्या सरकारी निकषांत भरपाई पक्ष्यामागं १०० रुपये आणि कमाल १०,००० रुपये होती. ५,००० पक्ष्यांच्या शेडला तेवढेच.

पाणंदकर
भरपाईचा विषय निघालाच आहे. केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभती गाय-म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,००० असे दर होते. तेही मोठी दुभती ३ पर्यंत किंवा लहान ३० पर्यंतच. मुऱ्हा म्हैस लाखाच्या वर जाते, तेव्हा यात नुकसान भरून निघत नाही, पण जे मिळतं तेही कागदावाचून अडतं.

अडतं कुठं? जनावर वाहून गेलं की पंचनाम्याला मृतदेह नसतो. मग ते होतं याचा पुरावा काय? कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर. म्हणून आत्ताच प्रत्येक जनावराचे दोन फोटो : एक बिल्ला वाचता येईल असा जवळून, एक मालकासह गोठ्यात. फोन पाण्यात जातो, तेव्हा फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा आणि नंबर वहीत लिहा. बिल्ला पडला असेल तर दवाखान्यातून नवा मारून घ्या. मेलेलं जनावर पुरायच्या आधी तलाठी आणि पशुधन विकास अधिकारी दोघांना कळवा, त्यांनी बघायच्या आत पुरलं तर तुमचाच दावा बुडतो. नाकातोंडातून काळं रक्त असेल तर जवळ जाऊ नका, कातडं काढू नका, डॉक्टरांना सांगा.

छावणीत ओळख पटायला शिंगावर ऑइलपेंटनं मोबाईल नंबर. गेरू पहिल्याच सरीत जातो.

नवखा_गोठा
वाचनखूण साठवली. एकच शंका : परत आल्यावर भिजलेल्या गंजीतला वरचा कडबा वापरला तर चालतो का? वरून कोरडा दिसतो.

वैरणवाला
पाण्याची रेघ गंजीवर दिसते. रेघेच्या वर दोन हात सोडून त्यावरचाच घ्या, कारण ओल रेघेवर थांबत नाही, वर चढते. घेतलेली पेंढी मधून फोडून बघा. बाहेरून पिवळी आणि आत करडी भुकटी उडाली, कुबट वास आला, तर ती म्हशीला नाही आणि भाकड जनावरालाही नाही, थेट खतात. हात आत घालून बघा, गरम लागली तरी नको. रेघेखालचा गाळ लागलेला कडबा धुऊन-वाळवून घालतात काही जण. माती पोटात बसते आणि धुतल्यानं बुरशी जात नाही.

माळावरचा
आणि गंजीत हात घालायच्या आधी काठीनं दोन-चारदा बडवा. पाण्यापासून वाचायला कोरडी जागा साप पण शोधत असतात.